चौकाकडची खिडकी

छिन्नीचा घाव बसला आणि प्लास्टरचा पोपडा थेट एडगरच्या पांघरुणावर येऊन पडला.

"जरा बेतानं, बाई!" हेस्टर ब्रॅम्ली ओरडली. "माणूस झोपलाय तिथं."

"माणूस जागा आहे," पलंगावरून तिचा नवरा म्हणाला.

नगरपालिकेची जुन्या इमारतींची अधिकारी इमोजेन टक ओशाळून हसली आणि पुन्हा भिंत खरवडू लागली. एवढ्याशा खरवडण्याची परवानगी मिळवता मिळवता हेस्टरच्या नाकी नऊ आले होते. अर्ज केला की नकाशा हवा, नकाशा नेला की फोटो हवेत, फोटो नेले तर साहेब रजेवर. आणि हे सगळं एका खिडकीपायी!

हाय स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची ही विटांची इमारत जॉर्ज राजांच्या काळातली, दोनेकशे वर्षं जुनी. खाली ब्रॅम्लींचं टोप्यांचं दुकान, वर बिऱ्हाड. पुढच्या उजेडाच्या खोल्या दंतवैद्याकडे. त्याच्या भाड्यावरच दुकान तगून होतं. मागच्या खोलीला चौकाच्या बाजूनं एकच खिडकी, तीही विटांनी बुजवलेली. बाहेरून तिच्यावर काळ्या काचा आणि पांढऱ्या पट्ट्या रंगवल्या होत्या, लांबून पाहणारा हमखास फसायचा. अर्धांगवायूनं एडगर अंथरुणाला खिळला तो याच खोलीत. भिंतीपलीकडे शनिवारचा बाजार भरायचा आणि हा इकडे वॉलपेपरची फुलं बघत पडलेला. ते हेस्टरला बघवेना. ही खिडकी उघडायचीच, असा तिनं हट्टच धरला.

खालून रोजचा आवाज आला. पर्यटकांना गाव दाखवत हिंडणारा लायनल गळा ताणून सांगत होता, "वर बघा मंडळी! राजानं खिडक्यांवर कर लावला आणि लोकांनी खिडक्याच बुजवून टाकल्या!"

"ऐकलंत?" हेस्टर म्हणाली. "शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कर केव्हाच गेला. आता उघडा की!"

"नंतर बुजवली असेल तर आत लाकडी चौकट सापडेल," इमोजेन म्हणाली. "मग परवानगीचं माझ्याकडे लागलं."

चौकट काही सापडली नाही. एक वीट हलली आणि आतून काळी काजळी भुरभुर खाली आली. इमोजेननं फटीत टॉर्च धरला.

"मिसेस ब्रॅम्ली, इथं खिडकी कधी नव्हतीच. मागे धुराडं आहे. छपरावरचा भाग नंतर कुणीतरी उतरवलेला दिसतो. भिंत ओकीबोकी दिसू नये म्हणून बांधतानाच ही खोटी खिडकी केली. त्या काळी सर्रास करायचे."

"म्हणजे?"

"उघडायला काही नाहीच. हां, बाहेरचा रंग मात्र उडालाय, तो तेवढा तुम्हाला नव्यानं द्यावा लागेल."

ती गेल्यावर हेस्टर पलंगाच्या कडेला बसली आणि पांघरुणावरची काजळी झटकू लागली. झटकावी तशी ती आणखीच पसरत होती. संतापानं तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

"एवढं करून तुला चौक काही दाखवता आला नाही," ती म्हणाली.

एडगर त्या फटीकडे पाहत होता. "लहानपणी त्यात कावळे घरटं करायचे. फार कलकलाट. शेवटी बाबांनी खाली दुकानातली त्या धुराड्याची शेगडीच बुजवून टाकली."

हेस्टरचा हात थांबला.

"तुला ठाऊक होतं?"

एडगरनं नजर वॉलपेपरच्या फुलांकडे वळवली.

"अरे, मग तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस? मी त्या कचेरीचे उंबरे झिजवतेय, त्या गेंड्यांशी भांडतेय..."

"रोज संध्याकाळी वर येऊन सांगायचीस ना मला," एडगर हळूच म्हणाला. "साहेबाची नक्कल करून दाखवायचीस. रांगेत कोण भेटलं, बाजारात कुणाचं कुणाशी वाजलं. त्याआधी नुसती गोळी द्यायचीस आणि खाली जायचीस."

हेस्टरनं काळे झालेले हात एकमेकांवर झटकले. ती उठली. पांघरूण तसंच काळं राहिलं. खाली लायनलनं नवा घोळका आणला होता आणि राजा पुन्हा खिडक्यांवर कर लावत होता.

तिनं खुर्ची ओढून पलंगाजवळ घेतली आणि बसली.

"उद्या या लायनलचीच तक्रार करते," ती म्हणाली. "पर्यटन कचेरीत."

"कर की." एडगरनं चांगल्या हातानं उशी जरा वर सरकवली. "तिथला साहेब कसा आहे?"