एकाच गाण्याच्या तीन फाइली

थोरलीने तिसरी फाइल उघडली, दोन ओळी ऐकल्या आणि हसू आवरत हेडफोन काढले.

"आई, ह्या गायिकेला सर्दी झालीय बघ."

स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता, त्यामुळे उत्तर आलं नाही. थोरलीने पहिली फाइल लावून पाहिली. गाणं तेच, पण आवाज कसा स्वच्छ, मोकळा. दुसरीत तो थोडा जड झालेला आणि तिसरीत पारच घोगरा. पुढचं गाणं पाहिलं, तिथेही तेच. बाबांनी एकेक गाणं तीन-तीनदा साठवून ठेवलं होतं.

थोरली इस्पितळाच्या नोंदणी विभागात कामाला होती. एका पेशंटच्या नावे दोन नोंदी निघाल्या की तिचं डोकं फिरत असे. घरातल्या कॉम्प्युटरमध्ये हा गोंधळ पाहून तिचे हात शिवशिवले नसते तरच नवल. बाबा केस कापायला गेले होते. ते येईपर्यंत तिने प्रत्येक गाण्याची पहिली, स्वच्छ फाइल तेवढी स्वतः आणलेल्या नव्या कॉम्प्युटरवर घेतली आणि बाकीच्या जुन्यातच राहू दिल्या. जुना कॉम्प्युटर भंगारवाल्यासाठी दाराशी नेऊन ठेवला. बऱ्याच दिवसांनी माहेरी येऊन काहीतरी उपयोगी काम केल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर होतं.

ही गाणी आईची. जमवली बाबांनी. सभा-समारंभांना स्पीकर पुरवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, तेव्हा गाणी मिळवणं त्यांच्या हातचा मळ होता. आई शाळेत गाणं शिकवायची. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिने शिकवणं सोडलं, चारचौघांत गाणंही सोडलं. पण दुपारी जेवणं आटोपली की ती कॉम्प्युटरपाशी खुर्ची ओढायची आणि लावलेल्या गाण्याबरोबर गायची. हेही सुटलं तर आई हाताला लागणार नाही, हे घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. बोलून कोणी दाखवत नव्हतं.

त्या दुपारीही ती बसली. थोरलीने ऐटीत गाणं लावलं. पहिल्या ओळी आईने सहज म्हटल्या. अंतऱ्याला चाल वर चढली, आई तिच्यामागे थोडी गेली आणि आवाज सुटला. नुसती हवा आली. ती खाकरली, पाणी प्यायली.

"पुन्हा लाव."

पुन्हा तिथेच अडलं. तिसऱ्यांदा तिने तोंड उघडलंच नाही, बोटांनी गुडघ्यावर ठेका धरला. मग चष्मा काढून पुसला.

"आज जेवण अंमळ जास्त झालं," ती म्हणाली. "पडते जरा."

तिच्या ताटात निम्मं अन्न तसंच राहिलं होतं.

बाबा वर्तमानपत्र हातात घेऊन दारात उभे होते. आई आत गेल्यावर त्यांनी तिच्या खोलीचं दार हलकेच ओढून घेतलं.

"काय केलंस तू?"

"डुप्लिकेट वगळल्या, बाबा. त्या खराबही झाल्या होत्या."

"खराब नव्हत्या गं." ते खुर्चीच्या कडेवर टेकले. "ऑपरेशननंतर घरी आली, गायला बसली, तर वर पोचेना. दोन-तीन दिवस पाहिलं तिने आणि मग इकडे फिरकेचना. नुसती भिंतीकडे बघत बसायची. मग ती बाजारात गेली की मी बसायचो. एकेक गाणं घेऊन त्याची पट्टी जरा खाली आणली. चाल तीच, वेग तोच, फक्त सूर उतरवला. मागच्या वर्षी मला वाटलं, तिला पुन्हा ओढावं लागतंय. मग आणखी थोडी उतरवली."

"म्हणजे तिसरी फाइल."

"हं."

"आणि आईला?"

"तिला वाटतं, गळा सुधारला." बाबांना हसू आलं. "डॉक्टरांना जाऊन सांगून आली. तू तोंड उघडू नकोस."

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने दाराशी ठेवलेला कॉम्प्युटर उचलून आणला आणि वायरी जोडल्या. तो सुरूच होईना. बाबांनी त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या, बटण पुन्हा दाबलं, आणि बऱ्याच कुरकुरीनंतर पडदा उजळला. दोघं श्वास रोखून फाइली कॉपी होण्याचा पट्टा पुढे सरकताना बघत राहिले. ह्या वेळी थोरलीने सगळंच घेतलं. एकाही फाइलला तिने नावं ठेवली नाहीत.

आई उठली, चहा झाला. बाबा नको तेवढ्या सहजपणे म्हणाले,

"अगं, ह्या नव्या कॉम्प्युटरचं सेटिंग चुकलं होतं. आता झालंय नीट. बघतेस का बसून?"

"त्याचंही जेवण जास्त झालं असेल," आई म्हणाली आणि बसली.

थोरलीने तिसरी फाइल लावली. आई गायली. अंतरा आला, तिने तो अडखळल्याशिवाय पार केला आणि शेवटपर्यंत गेली. बाबा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होते. गाणं संपलं तेव्हा त्यांचा चेहरा इतका खुलला होता की तो लपवायलाच जणू ते चपला शोधू लागले. पाय मोकळे करून येतो म्हणाले आणि शीळ घालत जिना उतरले.

शीळ ऐकू येईनाशी झाली.

"आता दुसरी लाव," आई म्हणाली.

थोरलीचा हात माउसवर थांबला.

"त्या तिसरीत फार खाली उतरावं लागतं गं. तळाचे सूर नुसते चाचपडते मी. एवढाही गेलेला नाही माझा गळा."

"तुला माहीत आहे?"

"जन्मभर पोरांना सुरात आणलं मी. घरातलं गाणं खाली सरकलेलं मला कळणार नाही?"

"मग दुपारी बोलली का नाहीस?"

"काय बोलू? माझी फाइल कुठे गेली म्हणून विचारलं असतं, तर ह्यांना कळलं असतं ना." तिने ग्लासातलं उरलेलं पाणी संपवलं. "किती दिवस बसलेत ते त्याच्यापायी. ते घरात असले की तिसरी. नसले की ही."

थोरली पुन्हा माउसकडे वळली. तिने दुसरी फाइल लावली.

अंतऱ्याला आईने मान वर केली, डोळे मिटले. आवाज मध्येच खरखरला, थोडा घासला, पण वर पोचला आणि तिथे टिकला. तिने तीच ओळ पुन्हा घेतली, आता जास्त जोरात. तिच्या गळ्याची शीर ताणलेली थोरलीला दिसत होती, आणि चेहऱ्यावर शाळेतल्या बाई दिसत होत्या.

जिन्यावर चपला वाजल्या. आईने डोळे न उघडता, गाणं न थांबवता हात हलवून खूण केली, आणि थोरलीने फाइल बदलली.