उजव्या कोपऱ्यातली जागा

काळुरामने टीव्हीचा आवाज बंद करून टाकला. हवाय कशाला? कबड्डीचं मैदान घरामागच्या गल्लीपलीकडेच, लाउडस्पीकर थेट स्वयंपाकघरात घुसत होता.

"आता आपला पॉइंट," तो म्हणाला.

बाहेर जल्लोष होऊन गेला होता, मागून चालणाऱ्या टीव्हीवर मात्र समोरच्या संघातली पोरगी अजून रेषेवर नाचत होती. अर्ध्या मिनिटाने तिची पकड झाली, तेव्हा लक्ष्मीला हसू फुटलं.

"भारीच ज्योतिषी झालात, अवो! गेट दोन मिनिटांवर, आन् तुमी घरात बसून भविष्य सांगा."

मैदानात त्यांची पोरगी करिश्मा खेळत होती, उपांत्य सामना. यंदा मैदानाभोवती पत्रे ठोकलेले, मातीवर मॅट अंथरलेली आणि खुर्चीला नऊशे रुपये. नऊशे! अरे, या मैदानाची माती काळुरामने डोक्यावरून वाहिलेली, तिच्यावर खेळून गुडघे फोडून घेतलेले. तेव्हा अख्खा कळवा चटया घेऊन यायचा, तिकीट कुणाला ठाऊक होतं?

करिश्मा दहा वर्षांची असल्यापासून तिच्या प्रत्येक सामन्याला तो उजव्या कोपऱ्यात, रेषेला लागून बसायचा. चढाईला गेलेल्या पोरीला पाठीमागून येणारी दिसत नाही. मग तो एकच शब्द ओरडायचा, "पाठ!" गर्दी कितीही असो, तिला तो बरोब्बर ऐकू यायचा आणि ती वळायची.

परवा तिने स्वतःच्या पैशाने तिकीट आणलं होतं.

"बाबा, नक्की या हां. सिलेक्शनवाले पण येणारेत."

"आपल्याच मैदानात तिकीट काढून शिरू? नाय जमणार. घरी फुकट दिसतंय, तेपण जवळून."

"तुम्हाला दिसेल हो. मला ऐकू कसं येणार?"

"इतकी मोठी झालीस, अजून बाप लागतो ओरडायला?"

ती हसली नाही. तिकीट देवाच्या फोटोमागे खोचून ती सरावाला निघून गेली. आज दुपारी निघतानाही तिने एकदा फोटोकडे बघितलं होतं. काळुरामला ते दिसलं होतं, पण एकदा नाही म्हटल्यावर माघार कशी घ्यायची?

शेवटची दोन मिनिटं उरली. लाउडस्पीकरवर करिश्माचं नाव आलं. आरडाओरडा चढत चढत गेला, मग एक किंकाळी, आणि मग काहीच नाही. हजार माणसं बसलेली आणि काहीच नाही.

"डॉक्टर, मॅटवर या. स्ट्रेचर आणा. रस्ता द्या, रस्ता द्या!"

लक्ष्मीच्या हातातली चहाची बशी कलंडली.

"अवो, कुणाला लागलं?"

तेवढ्यात टीव्हीवर करिश्मा आली. वाकून मॅटला हात लावला, तो कपाळाला टेकवला, केस घट्ट बांधले. धडधाकट, दोन्ही पायांवर उभी. लक्ष्मीचा जीव भांड्यात पडला.

"आपली नाय, बाई! ही बगा, उभी हाय ना. दुसऱ्याच कुणाची पोर असेल, बिचारी."

काळुराम उठला होता. एका पायात चप्पल होती, दुसरी सापडत नव्हती. त्याने देवाच्या फोटोमागचं तिकीट ओढून काढलं.

"बसा की! आता तर तिची चढाई हाय."

करिश्माने रेषा ओलांडण्याआधी उजव्या कोपऱ्यात बघितलं. तिथे आता सोफे मांडले होते आणि एक माणूस फोनमध्ये डोकं घालून बसला होता. ती क्षणभर थांबली, मग पुढे गेली. डावीकडची एक पोरगी हळूच तिच्या मागे सरकली.

"पाठ!" काळुराम टीव्हीसमोर ओरडला. "पाठ, पोरी, पाठ!"

आवाज त्याचा अजून तसाच दणदणीत होता. पत्र्यांवरून थेट मैदानात पोचला असेल, फक्त अर्धं मिनिट उशिरा.