अण्णा कुठल्या खेळात पडले

सकाळी साडेदहाला अण्णा हॉलमध्ये पडले आणि त्यांच्या अंगावरचं सामान आपोआप उतरून शेजारच्या फरशीवर नीट रचलं गेलं. खाली घडी घातलेला स्वेटर, त्यावर चष्मा, कानातलं यंत्र, घड्याळ आणि लवंगांची डबी. अण्णांनी जन्मात कधी स्वेटरची घडी घातली नव्हती, त्यामुळे हे त्यांचं काम नाही हे त्रिशलाला लगेच कळलं.

“लागलं का अण्णा?”

“नाही की. पडलोय फक्त.”

आवाज खणखणीत होता. यंत्र बाहेर असूनही त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्रिशला त्यांना उचलायला वाकली, पण तिचा हात त्यांच्या दंडापर्यंत जायचा आणि कुणीतरी ‘आत्ता नाही’ म्हटल्यासारखा परत यायचा. तीनदा करून पाहिलं. मग तिने सन्मतीला फोन लावला.

सन्मती तिचा धाकटा भाऊ. जयसिंगपुरातच दोन गल्ल्या सोडून राहायचा, मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवायचा. हाताला वार्निशचा वास घेऊन तो पाच मिनिटांत हजर झाला. दारातूनच त्याने आधी तो ढीग पाहिला आणि मग बापाकडे पाहिलं.

“सामान खाली आलंय,” तो म्हणाला. “म्हणजे माझा खेळ.”

“बोलतायत ना? म्हणजे माझा.”

“झालं यांचं सुरू,” अण्णा खालून म्हणाले.

यांचं सुरू होऊन सव्वीस वर्षं झाली होती. घरात कॉम्प्युटर आला तेव्हा त्रिशला पंधराची होती आणि सन्मती बाराचा. दोघांचे दोन खेळ. दोन्हींत टोळी जमवायची, भुयारात उतरायचं, राक्षस मारायचे. बाहेरच्या माणसाला त्यात काडीचा फरक दिसला नसता, आणि या दोघांचं मात्र त्यावरून जेवणाच्या ताटावर वाजायचं.

सन्मतीच्या खेळाला घरात ‘सहाजण’ म्हणत. त्यात सहाही माणसं आपणच घडवायची. नावं आपण द्यायची, ताकद, अक्कल, नशीब यांचे गुण आपल्या हाताने वाटायचे. ती माणसं शेवटपर्यंत अवाक्षर काढत नाहीत. चौकटींवरून पाळीपाळीने चालतात. आणि मेलं की मेलं. सामानाचा ढीग उरतो, बाकीचे पाच प्रेत खांद्यावर टाकून देवळात नेतात, तिथला पुजारी उठवेल तर उठवेल, नाहीतर हातात राख.

त्रिशलाची ती ‘चौकडी’. तिच्यात एक आपण स्वतः आणि तीन वाटेत भेटतील ते. ते आपापली रडगाणी घेऊन येतात, रुसतात, शेकोटीपाशी मनातलं सांगतात. पडलेला माणूस लढाई संपली की उठतो, अंगात थेंबभर जीव घेऊन. त्याला लगेच खायला घालावं लागतं, नाहीतर तो पुन्हा पडतो. आणि काही सुचेनासं झालं तर स्पेसबार दाबून सगळं जग थांबवता येतं. सन्मतीच्या मते हे लाडावलेल्यांचं काम होतं. त्रिशलाच्या मते त्याचा खेळ म्हणजे घोड्यावर बसून पाढे म्हणणं.

“मग लढाई संपवा की,” अण्णा म्हणाले. “चाललीय तरी कुणाशी?”

ते कुणालाच दिसत नव्हतं. सन्मतीने कपाटामागे पाहिलं, त्रिशलाने पलंगाखाली. मग दोघं पुन्हा वादाला बसले. ढीग जास्त महत्त्वाचा की बोलणं, यावर दुपार गेली. एकीकडे आमटी उतू चालली होती आणि दुसरीकडे प्रत्येकजण आपलंच घोडं दामटत होता.

दारापासून खिडकीपर्यंत हॉलमध्ये अकरा फरश्या होत्या. दोन वाजता त्रिशलाने मोजल्या तेव्हा एकोणतीस भरल्या. ती ‘माझ्या खेळात माणसांना मन तरी असतं’ म्हणाली आणि डोळ्यांदेखत तिसावी आली. सन्मती ‘माझ्या खेळात चूक केली तर भोगावी लागते’ म्हणाला, एकतिसावी आली. अण्णा आता बरेच लांब दिसत होते.

“सन्मती,” ती म्हणाली, “लढाई आपलीच आहे रे.”

त्याला पटलं. दोघांपैकी एकाने हार मानली की संपली. आणि कुणी मानायची हेही उघड होतं, कारण तिच्या खेळात अण्णा उठणार होते आणि त्याच्या खेळात देवळात जाणार होते. सन्मतीने घसा साफ केला. “तुझा खेळ चांगला,” तो म्हणाला.

एकही फरशी कमी झाली नाही. घराला खोटं चालत नव्हतं.

चार वाजता त्रिशलाने भाकऱ्या थापायला घेतल्या. सूर्य मावळल्यावर अण्णा पाण्याचा थेंबही घेत नसत, पन्नास वर्षांचा नेम. थंडीचे दिवस, सहाला अंधारणार. त्याआधी ते उठले नाहीत आणि त्यांच्या पोटात घास गेला नाही, तर उठून तरी काय उपयोग? भाकरी काठाला फाटली, तरी तिने ती तशीच तव्यावर टाकली.

साडेपाचला बेल वाजली.

सन्मतीने दार उघडलं. बाहेर पाच जण उभे होते, पुढे एक आणि त्याच्यामागे दोन-दोनच्या रांगा. अंगावर चिलखतं, पायांत चिखल. सन्मतीने बाराव्या वर्षी घडवलेले सहाजण, पुढच्या रांगेतला एक कमी. जो कमी होता त्याला त्याने ‘अण्णा’ असं नाव दिलं होतं. सगळ्यात मागच्या रांगेत होती ती जखमा बऱ्या करणारी. हातात पांढरी काठी, अंगावर निळी इरकल, वय चव्वेचाळीस. तिचं नाव त्याने ‘आई’ ठेवलं होतं. खरी आई तो दहावीत असताना गेली, तेव्हा तिचं वय तेवढंच होतं.

ते अण्णांना देवळात न्यायला आले होते. पहिल्याने पाळीप्रमाणे एक फरशी पुढे पाय टाकला. मग दुसऱ्याने.

“ही आली की काय,” अण्णा लांबून म्हणाले, आणि पडल्या पडल्या त्यांनी केस सारखे केले.

त्रिशला धावत आत गेली. माळ्यावरून जुना कीबोर्ड काढला, त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती. हॉलमध्ये येऊन अण्णांच्या शेजारी बसली आणि तिने अंगठ्याने स्पेसबार दाबून धरला.

सूर्य शेजारच्या पाण्याच्या टाकीवर टेकून थांबला. पाचही जण उचललेल्या पायांनिशी थांबले. तव्यावरून निघालेली वाफ हवेत तशीच राहिली. चौकडीतले तेवढे तिघे, ती, अण्णा आणि सन्मती, हलू-बोलू शकत होते.

“आई बोलेल का रे?” त्रिशलाने विचारलं.

“नाही. माझ्यात कुणी बोलत नाही.” सन्मती आईच्या समोर जाऊन उभा राहिला. ती त्याच्या खांद्याला लागत होती. “अक्का, हिला नशिबाचे तीनच गुण टाकले होते मी. कमी पडत होते. उरलेले सगळे अण्णांना घातले. अण्णा पुढच्या रांगेत होते ना, मार त्यांना बसणार.”

“कधी बोलला नाहीस.”

“काय बोलू? ती गेली तेव्हा पहिलं हेच डोक्यात आलं.”

“सन्मत्या,” अण्णा म्हणाले, “बारा वर्षांचं पोरगं तू. आणि तुझ्या आईच्या हातात गुण दिले असतेस तर तिनेही तेच केलं असतं. तिच्या ताटातली पुरणपोळी शेवटी माझ्याच ताटात यायची. वीस वर्षं सांगत होतो, ऐकली का कधी?”

सन्मतीने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. मग तो माणसं मोजू लागला. पाच, आणि अण्णा सहा. त्याने पुन्हा मोजलं.

“यात मी कुठाय?”

“तू खेळणारा,” त्रिशला म्हणाली.

“म्हणजे बाहेर. सगळ्यांना आत पाठवायचं आणि आपण खुर्चीत बसायचं.” तो त्रिशलाकडे वळला. “तुझ्यात तू आत असतेस. तुला लागतं, तू पडतेस, तुला कुणीतरी उठवतं. अक्का, तुझा खेळ चांगला.”

हॉल खटकन मिटला. अकरा फरश्या. खिडकी जवळ आली, दार जवळ आलं, आणि मधल्या फरश्या गेल्यामुळे ते पाचही जण एकदम जवळ आले. आई अण्णांच्या दुसऱ्या बाजूला उभी होती, हातभर अंतरावर. तिच्या पदराला हळदीचा डाग होता. सन्मतीने तो घडवला नव्हता.

“आई,” त्रिशला म्हणाली, “चौकडीत एक जागा रिकामी आहे. येतेस का?”

चौकडीत यायचं तर हो म्हणावं लागतं, आणि आईला ते येत नव्हतं.

“मला दोघंही हवे आहेत,” त्रिशला मोठ्याने म्हणाली. ती रडत होती आणि अंगठ्याला कळ लागली होती. “मला अण्णा हवेत आणि मला तूही हवीस. मी काय करू?”

“आधी सोड तो दांडा,” अण्णा म्हणाले. “सूर्य असा टांगून ठेवू नये गं. आणि मला भूक लागलीय.”

जग थांबलेलं असताना प्रत्येकाला एक हुकूम देता येतो. तिने तिच्या माणसांना दिले. सन्मती, ताट घेऊन पळत ये. अण्णा, माझा हात धरून उठा. मी, सोडायचं नाही. आईला हुकूम देणं तिच्या हातात नव्हतं.

तिने उजवा हात अण्णांपुढे धरला आणि अंगठा उचलला.

सूर्य टाकीवरून घसरला. आतून ताटवाटीचा आवाज आला. त्या पाचजणांचे पाय जमिनीला लागले. अण्णांनी एक हात त्रिशलाच्या हातात दिला, अगदी खराखुरा, कोमट, आणि मान वळवून, हसत, दुसरा आईच्या हातात.

दोघींनी एकदमच ओढलं.