म्हशीच्या पोटात वितळलेली चुनखडी

तुमचा विश्वास बसणार नाही, तरी सांगतो. जमिनीखाली शंभर किलोमीटरवर दगड कसा वितळतो, ते मी या दोन हातांनी करून दाखवलंय.

परवा दुपारी नातीला हेच सांगत होतो. शेजारी तिची आजी डोळे मिटून पडली होती.

"एवढ्या खाली तुम्ही गेला होतात?" नातीनं विचारलं.

"जायचं कशाला? तेवढा दाब आमच्या प्रयोगशाळेतच होता."

तिथं आमची म्हैस होती. म्हणजे दाबयंत्र. काळं, अवाढव्य आणि मनात आलं तरच चालणारं. ते चालवायचं काम माझं. त्यावर प्रयोग करायच्या एक तरुण बाई. त्यांचं म्हणणं साधं होतं. चुनखडी भट्टीत घातली तर ती वितळत नाही. तिच्यातला वायू उडून जातो आणि मागे चुना उरतो. पण पृथ्वीच्या कवचाखाली, खोल प्रावरणात वरचा खडक असा छातीवर बसलेला असतो की वायूला पळायला वाटच नाही. मग तीच चुनखडी मुकाट्यानं वितळते आणि पाण्यासारखी पातळ होऊन खडकाच्या फटींतून झिरपत जाते.

साहेबांनी बजावलं होतं, सोमवारपर्यंत वितळलेली दाखवा, नाहीतर म्हैस भंगारात. आणि म्हैस गेली की बाईंची चार वर्षांची मेहनत मातीत.

घोडं अडलं होतं डबीपाशी. चुनखडीची पूड गव्हाच्या दाण्याएवढ्या प्लॅटिनमच्या डबीत भरायची, तोंड वेल्ड करायचं आणि डबी म्हशीच्या पोटात ठेवायची. पाच डब्या गळल्या. पाचही वेळा मी म्हशीला शिव्या घालून तिचं तेल बदललं. बिचारीचा काही दोष नव्हता. तोंड वेल्ड करताना आच खाली पुडीपर्यंत पोचायची, वायू तिथंच सुटायचा आणि ताज्या वेल्डला सुईच्या टोकाएवढं भोक पाडून पसार व्हायचा.

प्लॅटिनम संपलं होतं. उरली होती एकच डबी.

"मग?"

"मग मी रुमाल ओला केला, डबीला गळ्यापर्यंत गुंडाळला आणि नुसतं डोकं तापवलं. पूड खाली गारेगार. आधी आणि नंतर वजन केलं. केसभरही फरक नाही. वायू आतच. डबी म्हशीला चारली, आच सतराशे अंशांवर नेली आणि कान लावून बसलो. आत बुडबुड ऐकू येत होतं."

"वायू सुटतच नाही, तर बुडबुड कसली?"

"मग म्हैस रवंथ करत असेल. मध्ये बोलू नकोस."

वीज तोडली, डबी क्षणात गार. ती कापून आरशासारखी घासायचं काम नातीच्या आजीचं. ती आमच्याकडेच दगड घासायला होती. बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि किती तरी वेळ हलल्याच नाहीत. आत पिसंच पिसं. वितळलेला दगड एकदम गोठला की त्याचे स्फटिक असे पिसांसारखे उमटतात. म्हणजे वितळला होता, शंका नको.

साहेब आले, वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले. मग शिपायाला म्हणाले, "भंगारवाल्याला सांग, येऊ नकोस." बाईंनी म्हशीलाच मिठी मारली. पांढऱ्या कोटावर ढीगभर तेल, पण त्यांना कसलं भान. सगळा मजला गोळा झाला, टाळ्या थांबेनात.

"आणि त्या गर्दीत," मी म्हणालो, "बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, काका, आज तुमच्या हातानं जिंकलो."

आजीनं एक डोळा उघडला.

"काका नाही, मावशी म्हणाल्या. ती डबी मी वेल्ड केली. तुम्ही त्या दिवशी दाढ काढायला गेला होतात."