चालकाचं वजन

एकोणीसशे एकाहत्तर साल, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. गाडीखालून आवाज आला, "दाब."

बाईंनी ब्रेकचं पेडल दाबलं. त्यांच्या मांडीवर सातवीच्या विज्ञानाच्या उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे होते आणि हातात लाल पेन्सिल.

"धर... धरून ठेव... सोड."

बाईंनी पाय सोडला. एका मुलाने हृदयाला तीनच कप्पे काढले होते, तिथे त्यांनी चौथा काढून दिला.

"पुन्हा दाब. अगं, दाब म्हटलं ना! लक्ष कुठंय तुझं?"

"हृदयात."

"कुणाच्या?"

"सातवी ब च्या."

गाडीखालून हसू आलं आणि त्यामागोमाग पाना जमिनीवर पडल्याचा आवाज. ब्रेकच्या नळीतला हवेचा शेवटचा बुडबुडा निघाला होता. फोरमन सरपटत बाहेर आले. उंच, भरदार माणूस. एवढ्या बुटक्या गाडीखालून तो निघाला की पाहणाऱ्याला नवल वाटे.

गाडी दोन माणसांची होती, गडद हिरवी, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. सहा वर्षांपूर्वी टेकडीवरच्या वार्षिक शर्यतीत तिसऱ्या वळणावर तिचं इंजिन फुटलं, तेही फोरमन कामाला होते त्या पंपांच्या कारखान्यातल्या सगळ्यांसमोर. फोरमन गाडी ढकलत पायथ्याशी आले, आणि दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात त्यांचं नाव पडलं 'तिसरं वळण'. "तिसरं वळण रजेवर आहे का?" "हा जॉब तिसऱ्या वळणाला दाखव." फोरमन सगळ्यांबरोबर हसत. घरी आले की मात्र न बोलता कपडे बदलत आणि शेडमध्ये जात.

त्या शेडमध्ये सहा वर्षं गेली. मागून चेपलेल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन त्यांनी आणलं. त्याला बसायला आधार स्वतः कापून, जोडून घेतले. बॉनेट दोन बोटं वर राहत होतं म्हणून ते ठोकून ठोकून त्याला उंचवटा काढला. जानेवारीत इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा शेडच्या छपरावरची कबुतरं उडाली, ती दोन दिवस परत आली नाहीत. आता उरलं होतं ते निगुतीचं काम. गरम झाल्यावर इंजिन धापा टाकत होतं, ते कार्बोरेटरच्या एकेका स्क्रूला पाव पाव फेरा देत शांत करायचं. नवं इंजिन जड होतं, म्हणून धान्याच्या वखारीतून चार वजनकाटे आणून एकेका चाकाखाली एकेक ठेवायचा आणि स्प्रिंगांच्या कड्या फिरवून चारी चाकांवरचा भार सारखा वाटायचा. या सगळ्या वेळी फोरमनांना खाली, पुढे, मागे हजर राहावं लागे. आत बसून पेडल दाबायला कुणीतरी हवंच होतं. त्यामुळे पंधरा दिवस ती सीट बाईंचीच झाली होती. सीट फोरमनांच्या पायांच्या हिशेबाने पार मागे बसवलेली. बाई पाठीशी दोन उशा घेऊन बसत.

शर्यत रविवारी होती आणि ती शेवटचीच होती. पुढच्या वर्षी त्या रस्त्यावरून बसगाड्या सुरू व्हायच्या होत्या. इंजिन बदललेल्या गाड्यांना शनिवारी ब्रेकची चाचणी होती: साठच्या वेगात यायचं आणि खडूच्या दोन रेघांच्या आत सरळ थांबायचं. रेघ ओलांडली तर परत घरी.

बुधवारी संध्याकाळी फोरमन गाडी घेऊन कारखान्यामागच्या सरळ रस्त्यावर गेले. इंजिन सुरेख चाललं. साठ झाले, ब्रेक दाबला, आणि गाडीने नाक उजवीकडे वळवलं. पुन्हा दाबला, पुन्हा उजवीकडे. पुढचं डावं चाक आधी अडकत होतं आणि गाडी हातभर बाहेर जात होती.

त्या रात्री त्यांनी चारी चाकांचे ब्रेक उघडले, घासले, परत बसवले. गुरुवारी पुढची टायरं अदलाबदल केली. गाडी उजवीकडेच गेली.

शुक्रवारी दुपारी फोरमनांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बाई शाळेतून परस्पर रस्त्यावर आल्या. थोरली नणंद, आक्का, चहाचा थर्मास घेऊन आधीच तिथे दगडावर बसली होती.

"तुझी सवत रुसलीय," आक्का म्हणाली. "सकाळपासून कुणाचं ऐकत नाहीय."

"आक्का, गप्प बस जरा," फोरमन म्हणाले. मग बाईंकडे वळून, "तू चालव. मला बाहेर पडून चाक बघायचंय. नेमकं कधी अडकतं ते."

बाईंना गाडी येत होती. त्यांचे वडील लॉरी चालवायचे आणि मुलगा नसल्याचं दुःख त्यांनी मुलीला स्टिअरिंग देऊन संपवलं होतं. बाईंनी चपला काढल्या, उशा पाठीशी घेतल्या आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. फोरमन रस्त्याच्या कडेला पालथे पडले, हनुवटी मुठींवर टेकून.

गाडी आली. साठला बाईंनी ब्रेक दाबला. गाडी पट्टीने आखल्यासारखी सरळ थांबली.

फोरमन तसेच पडून राहिले.

"पुन्हा ये," ते म्हणाले.

बाई पुन्हा आल्या. पुन्हा सरळ. तिसऱ्यांदा त्यांनी पासष्टला दाबला, तरी सरळ. मग फोरमन आत बसले, आणि गाडी उजवीकडे गेली.

"तिला कळतं," आक्का चहा ओतत म्हणाली, "कोण ओरडतं आणि कोण नाही ते."

फोरमन हसले नाहीत. त्यांनी कप हातात घेतला आणि चहा गार होईपर्यंत गाडीकडे पाहत राहिले. "माझ्याच हातात दोष असेल," एवढंच म्हणाले. "सहा वर्षांपूर्वीही असेल."



बाईंच्या डोक्यातून ते वाक्य जाईना. संध्याकाळी फोरमन अंघोळीला गेल्यावर त्या शेडमध्ये गेल्या. बाकावर त्यांची वही होती, तेलाच्या बोटांनी काळी झालेली. वजनं मागच्या मंगळवारची होती. 'गाडी रिकामी', त्याखाली चार आकडे. 'चालक बसून', त्याखाली चार आकडे. बाईंनी दोन्ही बेरजा केल्या. सातशे सहा. सातशे साठ. वजाबाकी चौपन्न.

फोरमनांचं वजन ब्याण्णव होतं.

बाई स्टुलावर बसल्या. त्यांचं स्वतःचं एक्कावन्न. वरचे तीन किलो कुणाचे, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग ते सातवी अ आणि ब चे निघाले.

त्यांनी पेन्सिल घेतली आणि एका कागदावर मांडणी केली: चालकाच्या जागी अडतीस किलो जास्त, तर कुठल्या चाकावर किती पडतील, कुठल्या स्प्रिंगची कडी किती फेरे फिरवावी लागेल. पुढचं डावं चाक हलकं पडत होतं, म्हणून तेच आधी अडकत होतं. दहा मिनिटांचं गणित होतं. ते सुटल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली आणि ती हातात धरून बसून राहिल्या. दुपारी पासष्टला गाडी थांबली तेव्हा पायाच्या तळव्याला जे जाणवलं होतं, ते अजून तिथेच होतं. कागद पदराखाली घेऊन त्या आत आल्या. जेवणं झाली. बाईंनी दोनदा पाणी वाढलं, एकदा उगीचच मीठ आणायला उठल्या. फोरमन मान खाली घालून जेवत होते.

"अहो," शेवटी त्या म्हणाल्या, "तुमच्या हातात काही दोष नाही."

"मग कशात आहे?"

"गाडीतही नाही. ती तुमच्यासाठी लावलेलीच नाही. काट्यांवर होती तेव्हा आत मी होते." त्यांनी कागद ताटाशेजारी ठेवला. "मी आणि उत्तरपत्रिका."

फोरमनांनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला. आक्काला आधी कळलं, आणि ती अशी हसायला लागली की तिला ठसका लागला. "ब्याण्णव किलोचा माणूस," ती म्हणाली, "आणि कारखान्यात मेला दुसऱ्यांची मापं तपासतो!"

आता फोरमनही हसले. सहा वर्षांत घरात त्यांना असं हसताना बाईंनी पाहिलं नव्हतं. ते उठले, हात धुतले, कागद खिशात घातला आणि शेडमध्ये गेले.

बाईंनी भांडी आवरली. कड्या फिरवायला अर्धा तास पुरला असता. पण शेडमधून पान्याचा आवाज येत नव्हता, ड्रिलचा येत होता. थोड्या वेळाने त्या पाहायला गेल्या.

सीट बाहेर काढलेली होती. गाडीच्या तळाला चार नवी भोकं पडली होती, जुन्यांच्या वीतभर पुढे. फोरमन सीट परत ठेवून बोल्ट आवळत होते.

"ये, बसून बघ. उशा नकोत."

"अहो, कागदावर लिहून दिलंय ना? मागच्या उजव्याला दीड फेरा—"

"वाचलं. बरोबर आहे गणित."

"मग?"

"गुडघा जरा वाकव. पेडल पूर्ण जातंय का?"

पेडल पूर्ण जात होतं. बाईंनी स्टिअरिंगवर हात ठेवले आणि खाली बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. तो बोल्टकडेच बघत होता.

"सहा वर्षं तुम्ही—"

"एक तर मी तिच्याखाली असतो, नाहीतर आत," फोरमन म्हणाले. "आज दुपारी पहिल्यांदा ती येताना दिसली." त्यांनी बोल्ट आणखी पाव फेरा आवळला. "मला बाहेरून बघायचीय."

शनिवारी सकाळी तपासनिसाने कागदावरचं खोडलेलं नाव पाहिलं, वरचं नवं नाव पाहिलं आणि चष्मा वर सरकवला.

"चालक या?"

"हो. गाडी यांच्याच मापाची आहे," फोरमन म्हणाले, आणि तीन किलो वजन करून आणलेली हत्यारांची पिशवी त्यांनी सीटखाली बांधली.

गाडी दोन रेघांच्या बरोबर मधे थांबली. तपासनीस वाकून बराच वेळ चुकीच्या शोधात होता.

रविवारी अकरा गाड्या धावल्या. बाई पाचव्या आल्या. वर माथ्यावर त्यांना कुणीतरी फुलं दिली आणि कुणीतरी पाणी. फोरमन वर नव्हते. ते सकाळपासून तिसऱ्या वळणाच्या कठड्यावर जाऊन बसले होते, आणि खाली यायला त्यांनी कुणाची गाडी घेतली नाही. पायी आले.

पुढच्या वर्षी तिथून बसगाड्या सुरू झाल्या. आक्का साठाव्या वर्षी हट्टाने गाडी शिकली. तिने दोन फाटकं पाडली आणि पुढे आयुष्यभर फाटकांनाच दोष दिला. तपासनीस पुढे शाळेच्या समितीवर आला. बाईंशी तो नेहमी उभा राहून बोले. अठ्ठ्याहत्तर साली गाडी एका दातांच्या डॉक्टरांना विकली. आठवड्याने त्यांचा फोन आला की गाडी एका बाजूला ओढते. फोरमनांनी आधी त्यांचं वजन विचारलं, आणि मग काट्यांची सोय करून दोन दिवस त्यांच्याकडे राहून आले. फोरमन गेले त्याला आता वीस वर्षं झाली. बाई आहेत, पायऱ्या चढताना कठडा धरतात.

त्याच्या कितीतरी आधी, ब्याऐंशी साली, फोरमन निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी कारखान्यातल्या मुलांनी आग्रह केला, टेकडीचं सांगा म्हणून. फोरमन भाषण करणारे नव्हते. पण उभे राहिले आणि सांगू लागले: आधी आवाज कसा आला, खालच्या दोन वळणांवरून वर चढत, मग झाडांमधून हिरवं काहीतरी चमकलं, वळणात शिरताना गाडी बाहेरच्या बाजूला किती कलली, मागचं चाक कसं वीतभर घसरलं, खडी उडाली आणि त्याच क्षणी कसं सावरलं, आणि आतल्या बाईचा अंबाडा सुटून केस कसे मागे उडत होते. त्यांनी हाताने ते सगळं दाखवलं.

बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या वळणातलं त्यांना एवढंच आठवत होतं की स्टिअरिंग गरम होतं आणि रस्ता संपत नव्हता. केस सुटल्याचं त्यांना आज, अकरा वर्षांनी कळलं.

घरी आल्यावर फोरमनांनी हार खुंटीला लावला आणि कपडे बदलायला आत निघाले.

"अहो," बाई म्हणाल्या, "बसा जरा. ते वळणाचं पुन्हा सांगा."