लखीरामच्या टिप्परचं मागचं चाक

मित्रांनो, मी एक जुनी गन आहे. दचकू नका, माझ्यात गोळी नसते. टायरच्या दुकानात चाकांचे नट खोलायला आणि कसायला हवेवर चालणारी गन असते ना, ती मी. राजूरच्या रस्त्यावर धर्मपालच्या दुकानात एका खिळ्याला लटकलेली असते. लटकून राहणं मला मुळीच आवडत नाही, पण सांगते कोणाला!

माझ्या पोटात एक गोल रोटर आहे आणि त्याच्या खाचांत पातळ पात्या. कॉम्प्रेसरची हवा आत शिरली की रोटर गरगर फिरतो आणि पुढचा हातोडा नटाला ठोके देतो. नवी होते तेव्हा कोळशाच्या टिप्परचं अख्खं चाक चहा येईपर्यंत मोकळं करायची. ड्रायव्हर म्हणायचे, "भाऊ, गन लय भारी आणली." धर्मपाल रोज मला फडक्यानं पुसायचा. मी जरा चढूनही गेले होते, खोटं कशाला बोलू?

मग मी सवयीची झाले, आणि सवयीच्या वस्तूकडे कोण बघतं? सकाळी पातळ तेलाचे थेंब द्यायचे, ते राहू लागले. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी सोडायचं राहिलं. ते हवेबरोबर थेट माझ्या पोटात. वर धर्मपालनं शक्कल काढली. गाड्यांमधून काढलेलं जळकं ऑइल डबाभर पडलेलं असायचं, तेच तो माझ्यात ओतू लागला.

"हे कायले टाकून राह्यले तुमी?" त्याची बायको प्रभावती म्हणाली.

"ऑइल ते ऑइल. वाया काहून घालवाचं?"

त्याची झाली काटकसर आणि माझे झाले हाल. त्या काळ्या चिकट्यात कोळशाची धूळ बसली, पात्या खाचांत अडकू लागल्या. माझा जोर गेला. आवाज मात्र पहिल्यासारखाच दणदणीत राहिला, आणि घात झाला तो तिथंच.

एका सकाळी लखीराम टिप्पर घेऊन आला. जवळच्या तांड्यावरचा, जुनं गिऱ्हाईक. कॅबिनमध्ये त्याची लेक ममता बसली होती. तिला वणीला कॉलेजात सोडून तो पुढे जाणार होता. मागचं चाक कसंबसं खोलून बदललं. धर्मपालनं मला नटांवर लावलं. मी जीव तोडून ठोकत होते, पण नट पुरते बसतच नव्हते. ते मला कळत होतं, फक्त मलाच. एरवी माझ्यानंतर धर्मपाल पान्याला लांब पाइप लावून हातानं शेवटचा पीळ देतो. त्या दिवशी त्याचा खांदा ठणकत होता.

"आवाज आयकला ना? झालं टाइट," असं म्हणून त्यानं मला खिळ्याला लटकवलं, आणि टिप्पर निघालाही. मित्रांनो, मी ओरडणार कशी? हवा नसली की मी मुकी!

पुढची गाडी आली. मी ठोकठोक ठोकलं, एक नट सुटेना. "म्हातारी झाली गन," धर्मपाल वैतागला. टायर लोटत असलेली प्रभावती थबकली.

"हिच्यानं एक नट खोलनं होऊन नाई राह्यलं. मंग लखीरामभाऊचे नट कसे कसले हो हिनं?"

धर्मपालचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं फोन लावला. लखीराम गाडी चालवताना फोन उचलत नाही. चांगली सवय, पण त्या दिवशी तीच आड आली. धर्मपालनं पाना, पाइप आणि मूठभर नट घेतले आणि मोटरसायकल दामटली. प्रभावती नुसती आत-बाहेर करत राहिली. रस्त्यावर हॉर्न वाजला की ती धावत बाहेर जायची.

तो परतला तो थेट टायरवर बसला.

"वणीच्या अल्याड गाठलं. दोन नट पडून गेलते. बाकीचे बोटानं फिरून राह्यलते. पाइप लावून सारे आवळले." त्यानं पाना खाली ठेवला. "पोरगी खाली उतरली अन् चाकाकडे पायत राह्यली."

प्रभावतीनं मला खिळ्यावरून काढलं. "मी माह्या शिलाई मशीनमधी जळकं ऑइल टाकतो काय?" एवढंच ती म्हणाली. मग दोघांनी मिळून मला खोललं, डिझेलमध्ये धुतलं, झिजलेल्या पात्या काढून नव्या बसवल्या. हातोड्याला ग्रीस, पात्यांना फक्त पातळ तेल. टाकीतून तांबडं पाणी कितीतरी वेळ वाहत होतं.

आता माझ्यात जोर आहे. तरी कुठलीही गाडी रस्त्याला लागली की मला चैन पडत नाही. म्हणून सांगते मित्रांनो, मला रोज तेल द्या, टाकीतलं पाणी सोडा, पण एवढं करूनही माझ्या आवाजावर भरवसा ठेवू नका. खांदा दुखला तरी शेवटचा पीळ हातानंच द्या. माझी चूक झाली तरी मी इथं खिळ्यावर सुखरूप असते. गाडीत माणसं असतात.