पहिल्या बेसवरून माघारी

मी बॅट बोलतेय. लगेच गुडघे वाकवून उभे राहू नका, क्रिकेटची नाही मी. मी बेसबॉलची. अंगाने गोल, डोक्याकडे जाड, मुठीकडे बारीक. जळगावात मला पहिल्यांदा पाहून एका काकूंनी विचारलं होतं, हिच्याने तिखट कुटता का म्हणून. मी रागावले नाही. तेव्हा तरुण होते, रागवायला सवड नव्हती. आता सवडच सवड आहे.

जन्म जालंधरच्या एका कारखान्यातला. लेथवर गरागरा फिरवून मला आकार दिला, त्यामुळे माझं डोकं थोडं फिरलेलं आहे, हे आधीच सांगून ठेवते. शिक्षण बेताचंच. जळगावच्या एका कॉलेजात खेळाच्या सामानाच्या खोलीत मी कोपऱ्यात उभी असायचे, आणि शेजारच्या वर्गातून भिंतीतून जेवढं झिरपेल तेवढं शिकायचे. भूगोलाचे सर फार खोकायचे. अर्धं जग माझं त्या खोकल्यात गेलं. न्यूझीलंड तर नक्कीच गेलं, नाहीतर इथे येताना मी एखादं स्वेटर मागितलं असतं.

मला पहिल्यांदा मनापासून हातात घेतलं ते मृदुलाने. सतरा वर्षांची होती. मुलींच्या बेसबॉल संघात कॅचर, म्हणजे बॅटिंग करणाऱ्याच्या मागे तोंडाला जाळी बांधून उकिडवी बसते ती. दिवसभर उठाबशा काढायच्या आणि आलेला प्रत्येक चेंडू झेलायचा. तिचे गुडघे तेव्हापासून कुरकुरतात, मी ऐकलंय. पुढे ती फार्मासिस्ट झाली, लग्न झालं, ऑकलंडच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. सामान भरताना तिने नवऱ्याच्या दोन जीन्स बाहेर काढल्या आणि मला आत घातलं. तो बिचारा अजून त्या जीन्सची चौकशी करतो.

ऑकलंडच्या विमानतळावर एका साहेबाने मला टेबलावर आडवं केलं. या देशात परक्या मातीला बंदी आहे. माझ्या अंगावरची जळगावची माती त्याने ब्रशने घासून काढली, वर कसलासा फवारा मारला आणि ‘स्वीट ॲज’, म्हणजे इथल्या बोलीत ‘झकास’, म्हणून मला परत दिलं. त्याचा सूड मी घेतला नाही, कारण तो पुन्हा भेटला नाही.

जो भेटला त्याचा घेतला. तेच सांगायला बसलेय.

मृदुलाचं घर ऑकलंडातल्या हिल्सबरोला. जवळच एक कॉलेज आहे. इथे हायस्कूललाच कॉलेज म्हणतात, तेरा वर्षांची पोरंसुद्धा तोऱ्यात ‘कॉलेजला चाललो’ सांगतात. तिथल्या बेसबॉल टीमला मृदुला सहा वर्षं शिकवत होती, असिस्टंट कोच म्हणून, हॉस्पिटलातल्या ड्यूट्या सांभाळून. मॅचला ॲल्युमिनियमच्या बॅटी असतात. पोकळ बाया, मारलं की नुसत्या टिंगटिंग करतात. मी सरावाला. मृदुला मला हातात घेऊन पोरांच्या दिशेने चेंडू टोलवायची आणि ती अडवायला शिकायची. निम्म्या कॉलेजच्या नडग्या मी ओळखते.

मग जुने हेड कोच लेकीकडे ऑस्ट्रेलियाला निघून गेले आणि जागा रिकामी झाली. मृदुलाने अर्ज केला. सगळ्यांना वाटलं, संपलं, हीच होणार. तेवढ्यात दुसरा अर्ज आला.

चंद्रहासचा. हा सलोनीचा बाबा. सलोनी म्हणजे आमच्या टीमची कॅचर, मृदुलाने घडवलेली, तिला मावशी म्हणणारी. बाबा पुण्याचा, आयटीतला मॅनेजर, तीस वर्षं क्रिकेट खेळलेला. दर शनिवारी मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसायचा आणि बसल्या जागेवरून ढगांनासुद्धा कुठे उभं राहायचं ते सांगायचा. खांदे छान, आवाज खणखणीत, पोट जरा पुढे. मला वाईट बोलायचं नाही, पण संधी मिळाली की मी सोडत नाही.

माझं त्याच्याशी वैर जुनं. टीमसाठी पैसे जमवायला सॉसेज विकायच्या दिवशी याची हातोडी घरी राहिली, म्हणून तंबूच्या खुंट्या याने मला घेऊन ठोकल्या. मला! विद्यापीठाच्या फायनलमध्ये चेंडू कुंपणापार धाडलेल्या बाईला! आठ खुंट्या, आठ खोचे. तेव्हाच मी मोजून ठेवले.

पण ते माझं दुखणं, मी गिळलं असतं. त्याने मृदुलाची वही नेली. सहा वर्षांची वही होती ती. कोणत्या पोराचा खांदा कधी दुखतो, कोण डावीकडे उशिरा वळतो, कुठल्या आठवड्यात काय शिकवायचं, सगळं तिच्या बारीक अक्षरात. सलोनीला दाखवायचीये, एका दिवसात देतो, असं सांगून नेली. आणि दिलीही बरं का, एका दिवसात. माणूस वेळेचा पक्का.

मुलाखत दोघांची एकत्रच, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये होती. मृदुलाने मला सोबत नेलं होतं, म्हणून कोपऱ्यात टेकून मी सगळं पाहिलं. घ्यायला माटुआ हेनारे बसले होते. इथे माओरी सरांना पोरं आदराने माटुआ म्हणतात. डोंगरासारखा माणूस, घाई म्हणून कशाची नाही. चंद्रहासने भिंतीवर स्लाइड लावल्या. ‘माझा बारा आठवड्यांचा कार्यक्रम.’ पहिला आठवडा वाचला आणि मला कळलं. तीच वही, नुसती टाइप करून. पुण्यात युनिव्हर्सिटीकडून बेसबॉल खेळलो, असंही ठोकून दिलं. मृदुलाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला, फार मदत होते तिची, संत्री कापणं, पट्ट्या बांधणं, शी इज लव्हली. आणि टीम नव्याने उभी करताना हे जुनं लाकडी सामान काढून टाकू, असं म्हणत त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

मृदुलाने वहीचं नाव काढलं नाही. त्याने वही नेल्याला साक्षीदार नाही, हे तिला कळत होतं. रडारड केली तर हरलेली बाई कांगावा करते म्हणतील, हेही कळत होतं. तिची पाळी आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, की बोलण्यापेक्षा मैदानावर पाहा, दोघांनाही अर्धा-अर्धा तास द्या, मुलांसमोर. माटुआंना पटलं. ते म्हणाले, शनिवारी या, मुलांचं मतही घेऊ.

गाडीत बसल्यावर तिने मला शेजारच्या सीटवर ठेवलं आणि चक्क पट्टा लावला. मग स्टिअरिंगवर बोटं वाजवत माझ्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, “तीस वर्षं क्रिकेट खेळलाय ना हा. याला शिकवू नाही द्यायचं. याला पळवायचं.”

तुम्हाला बेसबॉल येत नसेल, म्हणून सांगते. चेंडू मारला की आमच्यात बॅट तिथेच टाकून द्यायची आणि मोकळ्या हाताने पहिल्या बेसवर पळायचं. तिथून दुसऱ्या, तिसऱ्या, आणि फेरी पुरी करून ‘होम’ला, म्हणजे जिथून मारलं त्या प्लेटवर. पुढेच जायचं. रन काढायला मागे फिरायचं, हे आमच्यात नाहीच. हातात बॅट घेऊन पळणं म्हणजे ताटासकट पंगतीतून उठून पळणं. एवढं लक्षात ठेवा, पुढची मजा त्यातच आहे.

शनिवारी ऊन आणि वारा दोन्ही होतं. ऑकलंडला कधी एक मिळतच नाही. माटुआंनी सगळ्यांना गोलात उभं करून कराकिया म्हटलं, म्हणजे त्यांची प्रार्थना. मीही डोळे मिटले. मी काय मागितलं ते विचारू नका.

मृदुलाचा अर्धा तास नेहमीसारखा झाला. मी टोलवत होते, पोरं अडवत होती. खरं सांगायचं तर पाहणाऱ्याला कंटाळवाणं. मग चंद्रहास आला. नवी टोपी, नवे बूट, गळ्यात शिट्टी. आणि बोलला काय छान! पोरंसुद्धा ऐकत राहिली. एकदा वाटलं, गेलं, हा बोलून बोलून जागा घेऊन जाणार. माटुआ मान डोलवत होते. मृदुलाचा अंगठा माझ्या मुठीवर घट्ट होत गेला.

मग ती पुढे झाली. गोड हसली. एवढं गोड ती कधीच हसत नाही, मी तेव्हाच सावध झाले.

“चंद्रहास, युनिव्हर्सिटीकडून खेळलायत ना तुम्ही. एक हिट दाखवा की पोरांना.”

पोरांनी टाळ्या पिटल्या. आता नाही कसं म्हणणार? त्याने मला घेतलं. प्लेटपाशी उभा राहिला आणि सवयीने मला जमिनीवर टकटक आपटलं. एक टोंगन पोरगा पिचिंगला, म्हणजे चेंडू फेकायला होता, तो गालात हसला. मागे जाळीआड सलोनी बसली होती.

पहिला चेंडू हुकला. दुसरा मी मुद्दाम मुठीजवळ घेतला. लाकडी बॅटला चेंडू तिथे लागला की हातात अशा झिणझिण्या येतात की माणसाला आई आठवते. त्याला आठवली. आठ खुंट्यांपैकी चार तिथे फिटल्या.

तिसरा चेंडू त्याने मारला. आणि काय मारला! खोटं कशाला बोलू, तो माणूस मारतो. चेंडू दोघा पोरांच्या मधून सुटला आणि कुंपणाकडे पळत गेला. चंद्रहास निघाला. मला घेऊन.

मी काही केलं नाही. देवाशपथ, नुसती त्याच्या हातात राहिले. एवढ्या वर्षांत मला टाकून सगळे पळाले, हा पहिला माणूस मला सोबत घेऊन पळाला. पहिला बेस जवळ आला तसा तो वाकला, मला पुढे सरकवलं, बेसच्या पलीकडे टेकवलं, चेंडू अजून लांब आहे हे पाहिलं आणि गर्रकन वळून दुसऱ्या रनसाठी माघारी सुटला.

 लांबच्या पोराला कळेना चेंडू कुठे फेकू. मृदुला शांतपणे म्हणाली, “होम.” त्याने फेकला. सलोनीने झेलला. बाबा पूर्ण पसरून मला पुढे करून आला, मी प्लेटला घासत गेले, त्याचं सगळं वजन माझ्यावर आलं, आणि सलोनीने हातमोज्यातला चेंडू त्याच्या खांद्याला टेकवला.

“आउट, डॅड.”

“बॅट आत होती!” तो मातीतूनच ओरडला. “क्रीजच्या आत होती!”

क्रीज. बेसबॉलच्या मैदानावर. पोरं गवतावर लोळली. त्या टोंगन पोराला उचकी लागली. सलोनीने जाळी काढली. ती हसत नव्हती. बापाकडे एकदा पाहिलं, मृदुलाकडे एकदा, आणि इंग्रजीत माटुआंना म्हणाली, की तो बारा आठवड्यांचा प्लॅन मावशीचा आहे, डॅड घरी टाइप करत होते, मी पाहिलंय. मग वाकून तिने बापाची मातीत पडलेली नवी टोपी उचलली. त्या क्षणी माझी मजा जरा कमी झाली, हे मान्य करते. जरा.

माटुआंनी चंद्रहासला हात देऊन उठवलं, पाठीवरची माती झटकली, आणि विचारलं, खरं आहे का. त्याने मान खाली घातली आणि हो म्हणाला. मग मुलांना हात वर करायला सांगितलं. मृदुलासाठी सगळे वर गेले. माटुआ म्हणाले, तर मग हेड कोच ठरल्या.

घरी आल्यावर मृदुलाने मला पुसायला घेतलं आणि थांबली. मुठीच्या वर, केसाएवढी बारीक, लांब चीर. शेवटच्या झेपेत मी तडकले होते. यानंतर चेंडू घेता येणार नव्हता. ती गॅरेजच्या पायरीवर बराच वेळ मला मांडीवर घेऊन बसली. हेड कोच झालेली बाई, आणि रडत होती. मला सांगता आलं असतं तर सांगितलं असतं, वेडे, सौदा स्वस्तात पडला.

चार दिवसांनी चंद्रहास आला. एकटा, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, हातात वहीची छापील प्रत, त्यावर मृदुलाचं नाव. त्याने माफी मागितली. मग मला पाहिलं, उचललं, चिरेवरून बोट फिरवलं. म्हणाला, ही माझ्यामुळे गेली ना, मी गोंद लावून नीट करून आणतो.

असा राग आला मला! इतक्या निगुतीने वाढवलेलं वैर, आणि हा माणूस त्याला गोंद लावायला निघाला. माफी मागणाऱ्या शत्रूचं काय करायचं, ते भूगोलाच्या सरांनीही शिकवलं नव्हतं.

मृदुला मात्र माझी गुरू निघाली. म्हणाली, “न्या. पण परत आणू नका. तुमच्या हॉलमध्ये लावा, दारासमोर. आणि जो कोणी घरी येईल, त्याला ही कशी तडकली ते सांगायचं. खरं खरं, पूर्ण.”

त्याने मला काखेत घेतलं. मग हो म्हणाला.

तेव्हापासून मी चंद्रहासच्या हॉलमध्ये आहे. चीर चिकटवली आहे, तेल लावलं आहे, दोन पितळी कड्यांवर निजले आहे. मृदुलाची टीम यंदा दुसरी आली, ते सलोनीकडून कळतं. माझ्या जागी तिने नवी लाकडी बॅट घेतलीये. चांगली असेल, मला काय त्याचं. मला इथे काम आहे.

पुण्याचे मित्र येतात, ऑफिसातले येतात, गणपतीला तर रांग लागते. तो उभा राहतो आणि सांगतो. हल्ली जरा चलाखी करतो. ‘पळताना थोडा गोंधळ झाला’ म्हणून आटपू पाहतो. मग सोफ्यावरून, फोनमधून मान वर न करता, सलोनी म्हणते, “टू रन्स, डॅड. यू वेंट फॉर टू.” आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

तर वाचकहो, कधी हिल्सबरोला आलात तर त्याच्याकडे चहाला नक्की जा. चहा बरा करतो. फक्त कप हातात आला की माझ्याकडे बोट दाखवून एवढंच विचारा, पहिल्या बेसवरून मागे का वळलात. आणि जरा मोठ्याने विचारा. मला वयोमानाने कमी ऐकू येतं.